ताट आपले, अन्न कोणाचे?

"मौलाना, पैसे आम्ही मोजले, ताट आमच्यासमोर आले. त्यातले निम्मे खाल्ले, निम्मे राहिले. यात आम्ही कोणाचे काय हिरावले?" जळगावात जुम्याच्या नमाजनंतर एका महाविद्यालयीन तरुणाने हा प्रश्न विचारला. त्याच्या आवाजात उद्धटपणा नव्हता. तो खरोखर विचारत होता. त्याने पुढे आणखी एक प्रश्न जोडला: मी इथे हॉटेलात पुलाव संपवला, म्हणून धडगावच्या एखाद्या उपाशी मुलाच्या पोटात दोन घास जास्त जाणार आहेत काय?

या प्रश्नाला "इस्राफ हराम आहे" एवढेच उत्तर देऊन मोकळे होता येते. उत्तर चुकीचे नाही, पण ते अपुरे आहे. आपल्या घरांत लहानपणापासून हे वाक्य सर्वांनी ऐकलेले आहे आणि तरीही वलीम्याच्या मांडवामागे बिर्याणीने भरलेली पिंपे उभी असतात. ज्या गोष्टीचे निषिद्धत्व सर्वांना ठाऊक आहे ती गोष्ट सर्वजण करतात, तेव्हा केवळ निषेध पुन्हा सांगून भागत नाही. ती का घडते, हे पाहावे लागते. आणि त्या तरुणाच्या प्रश्नात जे बळ आहे, तेही मान्य करावे लागते.

प्रथम मालकीचा मुद्दा घेऊ. पैसे मोजले म्हणजे वस्तू माझी झाली, हे शरीअतलाही मान्य आहे. खरेदी-विक्रीने मालकी हस्तांतरित होते आणि दुसऱ्याच्या मालावर हात टाकण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु ही मालकी माणसा-माणसांतली आहे. तुमचे ताट माझे नाही, एवढेच ती सांगते. अल्लाहच्या दृष्टीने त्या ताटाशी तुमचे नाते काय, याबद्दल पवित्र कुरआनने दुसरा शब्द वापरला आहे. सूरह हदीदच्या सातव्या आयतमध्ये माणसाला त्याच्या संपत्तीचा वारस-विश्वस्त ठरवून खर्च करण्याची आज्ञा आहे. विश्वस्ताला वापरण्याचा पूर्ण हक्क असतो, नासण्याचा नसतो.

आता हिशेब पाहा. एक किलो तांदूळ पिकण्यास जगाच्या सरासरीने सुमारे अडीच हजार लिटर पाणी लागते. हॉटेलच्या बिलात तांदळाची किंमत असते, तेलाची, गॅसची, वाढप्याच्या मजुरीची आणि मालकाच्या नफ्याची असते. त्या पाण्याची किंमत कोणी कोणाला दिली? गिरणा आणि पांझरा या नद्या उन्हाळ्यात कशा दिसतात, हे खान्देशच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. ज्या गावात मे महिन्यात टँकरची वाट पाहावी लागते, त्याच गावात त्याच महिन्यात लग्ने असतात आणि भाताच्या रूपाने तेच पाणी उकिरड्यावर जाते. आपण जे पैसे मोजले, ते अन्न आपल्यापर्यंत पोहोचवण्याच्या खर्चाचे होते. ऊन, पाऊस, माती आणि दाण्यातून कोंब फुटण्याची क्रिया यांचे बिल कोणीही फाडलेले नाही. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींनी जात्यावर आणि शेतात गाणी रचली, ती या भानातून रचली. अक्षरओळख नसलेल्या त्या शेतकरी स्त्रीला दाण्याची किंमत बाजारभावाहून वेगळी असते, हे कळलेले होते.

दुसरा मुद्दा अधिक अवघड आहे. माझ्या ताटातला घास धडगावला पोहोचत नाही, हे खरेच आहे. "तिकडे मुले उपाशी आहेत, म्हणून संपव" असे आपण मुलांना सांगतो. हुशार मूल मनात म्हणते, मग हे तिकडे पाठवा. या युक्तिवादाला उत्तर नाही, कारण मुळात ते कारणच अपुरे आहे. इस्राफच्या निषेधाचा पाया केवळ दुसऱ्याच्या वंचनेवर उभा असता, तर जिथे कोणी वंचित होत नाही तिथे उधळपट्टी वैध ठरली असती. पण इब्ने माजाच्या संग्रहातील एक प्रसिद्ध रिवायत अशी की, हजरत साद (रजि.) वुजू करीत असताना प्रेषित (स.) तेथून गेले आणि त्यांनी या उधळपट्टीबद्दल विचारले. वुजूतही उधळपट्टी असते काय, या प्रश्नावर त्यांनी होकार दिला. वाहत्या नदीकाठी असलात तरीही. या रिवायतच्या सनदीविषयी मुहद्दिसांनी चर्चा केली आहे, परंतु वुजूत गरजेपेक्षा जास्त पाणी वापरणे नापसंत आहे, हा मसला फुकहांनी एकमुखाने मांडला आहे. वाहत्या नदीचे काही उणे होत नाही. ओंजळभर पाणी जास्त सांडल्याने कोणी तहानलेला राहत नाही. तरीही ते इस्राफ आहे. का? कारण तिथे नदीचे नव्हे, वुजू करणाऱ्याचे काहीतरी बिघडते.

काय बिघडते, ते सहीह मुस्लिममधील दुसऱ्या एका घटनेवरून कळते. भुकेमुळे घराबाहेर पडलेले प्रेषित (स.), हजरत अबू बक्र (रजि.) आणि हजरत उमर (रजि.) एका अन्सारी सहाबींच्या घरी गेले. यजमानांनी खजुरांचा घोस आणला, बकरी कापली, गार पाणी दिले. तिघे जेवून तृप्त झाले, तेव्हा प्रेषितांनी सोबत्यांना सांगितले की, आजच्या या नेमतींबद्दल कयामतच्या दिवशी विचारणा होणार आहे. लक्षात घ्या, तेथे काहीही वाया गेले नव्हते. अनेक वेळच्या उपासानंतरचे ते जेवण होते. त्याचाही हिशेब आहे. नेमत ओळखण्याची शक्ती हीच माणसाची खरी कमाई आहे आणि अर्धे ताट सहज सारून उठणाऱ्याची ती शक्ती हळूहळू मरते. धडगावच्या मुलाचे काय, हा प्रश्न त्यानंतर येतो. कारण ज्याला आपल्या पुढ्यातल्या अन्नाची किंमत जाणवत नाही, त्याला दुसऱ्याच्या रिकाम्या ताटाची जाणीव कुठून होणार?

मग ही जाणीव बोथट का होते? सामान्य समज असा की, लोक श्रीमंतीच्या मस्तीत अन्न टाकतात. गेली काही वर्षे जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत निकाह पढवताना मी जे पाहिले, ते वेगळे आहे. मस्तवाल यजमान थोडे असतात, भ्यालेले यजमान पुष्कळ. मुलीच्या बापाला एकच भीती असते: जेवण कमी पडले तर आयुष्यभर बोल लागेल. उरले तर कोणी काही म्हणत नाही. दोन चुकांपैकी एकीची शिक्षा मोठी आणि दुसरीची शून्य असेल, तर माणूस कोणती चूक करील हे ठरलेलेच आहे.

यात एक गणितही लपलेले आहे. समजा, पाचशे माणसे येतील असा घरच्यांचा अंदाज आहे. वडील म्हणतात, दहा टक्के जास्त धरा, झाले साडेपाचशे. मोठे काका आचाऱ्याला सांगताना त्यावर पुन्हा दहा टक्के वाढवतात, सहाशे पाच. आचारी स्वतःच्या नावाला बट्टा नको म्हणून शिधा सांगताना आणखी दहा टक्के चढवतो, सहाशे पासष्ट. प्रत्येकाने फक्त "थोडेसे" वाढवले आणि एकशे पासष्ट माणसांचे अन्न कोणाचाही हेतू नसताना शिजले. त्यात लग्नसराईच्या एका तारखेला गावात चार लग्ने. चूलबंद आवतण असले, तरी घरातला एक इकडे आणि एक तिकडे जातो. वर जळगावचा मे महिना. दुपारी शिजवलेली बिर्याणी असरच्या सुमारास वास मारू लागते. तोपर्यंत यजमान पाहुण्यांना निरोप देण्यात गुंतलेला असतो आणि देगींकडे पाहण्याची शुद्ध कोणालाच नसते.

येथे कोणी हजरत इब्राहीम (अलै.) यांचे उदाहरण पुढे करील आणि ते करायला हवे. अनोळखी पाहुणे दारी आले, तेव्हा त्यांनी पुष्ट वासरू भाजून पुढे ठेवले, हे कुरआनात आले आहे. मोजक्या पाहुण्यांसाठी अख्खे वासरू! तेही खाल्ले गेले नाही, कारण पाहुणे फरिश्ते होते. उलेमांनी या प्रसंगाला इस्राफ म्हटलेले नाही. पाहुणचाराचा आदर्श म्हटले आहे. मग आपली देग कशी चुकली? फरक उदारतेच्या दिशेत आहे. ते वासरू पाहुण्यांसाठी होते, पाहणाऱ्यांसाठी नव्हते. ते घाईने, न सांगता, घरच्यांकडे वळून आणले गेले. त्यात प्रदर्शन नव्हते. आपल्या मांडवात चौदा पदार्थांची रांग असते, ती पाहुण्याची भूक पाहून लावलेली नसते. मागच्या महिन्यात चुलतभावाकडे अकरा होते, म्हणून इथे चौदा. ही दावत चुलतभावाला उद्देशून असते. पाहुणे निमित्त असतात.

अरबी भाषेत उधळपट्टीला दुसरा एक शब्द आहे, "तबजीर". तो "बज्र" म्हणजे बी या शब्दापासून आला आहे. बियाणे वाट्टेल तिकडे भिरकावणे. सूरह बनी इस्राईलमध्ये असे करणाऱ्यांना शैतानाचे भाऊ म्हटले आहे. शेतकऱ्याच्या कानाला हा शब्द जसा बोचतो, तसा शहरवासीयाच्या कानाला बोचणार नाही. पेरणीच्या दिवशी मूठभर बियाणे डांबरी रस्त्यावर फेकणाऱ्याला रावेर-यावलच्या माणसाने वेडा म्हटले असते. इस्राफमध्ये निदान जागा योग्य असते, मर्यादा ओलांडलेली असते. तबजीरमध्ये जागाच चुकलेली असते. चुलतभावाला दाखवण्यासाठी शिजवलेले तीन जादा पदार्थ यांपैकी कशात मोडतात, हे ज्याचे त्याने ठरवावे.

पाहुण्यांची बाजूही झाकून चालणार नाही. एका थाळात चौघांनी जेवण्याची पद्धत आपल्याकडे होती, अजूनही कुठे कुठे आहे. त्या थाळात उरलेले चौघांचे असे, म्हणून लाज चौघांना वाटे आणि कोणीतरी संपवीत असे. आता प्लेट हातात घेऊन रांगेत उभे राहायचे. पुन्हा रांगेत यावे लागू नये म्हणून एकदाच सगळे भरून घ्यायचे. लहान मुलाच्या हातीही मोठ्यांएवढीच प्लेट. उभ्याने जेवताना प्लेट ठेवण्यास जागा नाही, म्हणून अर्धी भरलेली प्लेट टबमध्ये टाकून माणूस मोकळा होतो. मांडणीच अशी आहे की, सज्जन माणूसही टाकूनच उठेल. दोन माणसांचे जेवण तिघांना आणि तिघांचे चौघांना पुरते, ही शिकवण बुखारी आणि मुस्लिम दोहोंत आली आहे. ती एकत्र बसून जेवणाऱ्यांना लागू पडते. वेगळ्या प्लेटांना ते गणित लागू पडत नाही.

हॉटेलची गोष्ट आणखी निराळी. धुळ्याजवळ मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना मिळतात आणि त्यांच्या कडेला ढाबे आणि हॉटेले उभी आहेत. कुटुंब सुट्टीला बाहेर पडते, तेव्हा भुकेपेक्षा हौस मोठी असते. शेवभाजी मागवली, एक हंडी मागवली, मुलाने चायनीज मागितले. एकेक वाटी दोघांना पुरेल एवढी आहे, हे टेबलावर आल्यावर कळते. "अनलिमिटेड" थाळीत तर वेगळाच व्यवहार असतो. पैसे ठरलेले, म्हणून जास्त वाढून घेणे फुकट वाटते आणि कमी खाणे नुकसान वाटते. पैसे वसूल करण्याच्या नादात माणूस एक तर ताटात टाकतो, नाही तर पोटात टाकतो. दुसऱ्या प्रकाराला आपण वाया घालवणे म्हणत नाही, पण पोटाचा तिसरा भाग अन्नासाठी, तिसरा पाण्यासाठी आणि तिसरा श्वासासाठी राखण्याची शिकवण तिर्मिजीत नोंदली आहे. भूक संपल्यावर केवळ बिलाकडे पाहून गिळलेले चार घास हेही वायाच गेले. सोबत प्रकृतीही गेली. खान्देशात मधुमेह असलेल्या किती बुजुर्गांना घरचे लोक "टाकू नका" म्हणून बळेच भरवतात!

म्हणून ताट चाटूनपुसून साफ करणे हाच एकमेव धर्म, असे मी म्हणणार नाही. प्रेषित (स.) अन्नाला कधी नावे ठेवीत नसत, आवडले तर खात, नाही तर सोडून देत. दस्तरखानावर घोरपडीसारख्या प्राण्याचे भाजलेले मांस आले, तेव्हा त्यांनी ते हराम न ठरवता हात मागे घेतला आणि हजरत खालिद बिन वलीद (रजि.) यांनी ते आपल्याकडे ओढून खाल्ले. सोडणे आणि टाकणे यांतला भेद इथे दिसतो. सोडलेले अन्न दुसऱ्याच्या उपयोगी पडेल अशा स्थितीत राहते. म्हणून वाढून घेण्यापूर्वी नको म्हणावे. उष्टे करून मग नको म्हणण्यात काही अर्थ उरत नाही. उरलेले बांधून मागण्याची लाज तर मला आजवर समजलेली नाही. ज्याने बिल दिले, तो स्वतःचेच अन्न घरी नेण्यास लाजतो आणि तेच अन्न कचऱ्याच्या डब्यात जाताना मात्र त्याला लाज वाटत नाही. आपल्या वाचकांत हॉटेल चालवणारेही आहेत. अर्ध्या प्लेटचा दर फलकावर ठळक लिहिणे त्यांच्या हाती आहे. गिऱ्हाईक दोघेच असताना तिसरी भाजी मागवीत असेल, तर "आधी ही पुरते का पाहा" असे म्हणणारा वेटर मालकाचे थोडे नुकसान करील. पण तेच गिऱ्हाईक त्याच दारी पुन्हा येईल.

मात्र हॉटेल आणि मांडव यांच्याकडे बोट दाखवून घर सुटत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ साली जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातले साठ टक्के घरांतून गेले. हॉटेले, खानावळी आणि तत्सम ठिकाणांचा वाटा अठ्ठावीस टक्के होता, दुकानांचा बारा. भारतीय घरांसाठी त्याच अहवालात दरडोई वर्षाला ५५ किलोचा अंदाज दिलेला आहे. सरासरी ही सर्वांवर सारखी वाटलेली असते, हे मात्र विसरू नये. ज्याच्याकडे टाकण्याइतके नाही, त्याच्या नावावरही त्यात ५५ किलो लिहिलेले आहेत. म्हणजे ते दुसऱ्या कोणीतरी टाकलेले आहेत.

घरात अन्न कसे वाया जाते, हे पुरुषांना सहसा दिसत नाही, कारण ते निस्तरणारे हात दुसऱ्याचे असतात. या ठिकाणी मला थोडे थांबायचे आहे. "आमच्या घरी काहीच वाया जात नाही" असे अभिमानाने सांगणाऱ्या घरात जरा विचारावे, उरलेले कोण खाते? कालची भाकरी, मुलांच्या ताटातले तुकडे, तळाशी करपलेला भात. बहुतेक घरांत उत्तर एकच मिळेल: आई, किंवा सून. पुरुषांना तव्यावरची गरम पोळी हवी, मुलांना रोज नवा पदार्थ हवा आणि घराची काटकसर एका स्त्रीच्या शिळ्या जेवणावर उभी असते. ही काटकसर म्हणजे इस्राफपासून बचाव नव्हे. ते अन्यायाचे ओझे एकीच्या खांद्यावर सरकवणे आहे. मुस्लिममधील हदीस सांगते की, प्रेषितांनी एकदा घरी सालन मागितले. सिरक्याशिवाय काही नाही, असे उत्तर आले. त्यांनी सिरकाच मागवला, तो खाल्ला आणि सिरका हे किती चांगले सालन आहे, अशी त्याची तारीफ केली. त्यांनी काही दुसरे करायला सांगितले नाही. घरात जे आहे त्यावर राजी होणारा पुरुष असेल, तर शिळे एकटीच्या वाट्याला येत नाही. रात्रीच्या भाकरीचा सकाळी कांदा-मिरची घालून केलेला कुस्करा ज्या घरात सगळे मिळून खातात, तिथे ते शिळे नसते, न्याहारी असते.

आपल्या खान्देशी स्वयंपाकाला हे शहाणपण पूर्वीपासून होते. कडक उन्हाचा उपयोग करून बिबडे, वड्या, सुकवलेल्या भाज्या यांची वर्षाची बेगमी होई. आता फ्रिज आला. फ्रिज अन्न टिकवतो, पण त्याहून जास्त तो निर्णय पुढे ढकलतो. टाकायला मन धजत नाही, म्हणून वाटी आत ठेवली जाते. चार दिवसांनी तिला बुरशी आली की, टाकण्याचा दोष आपल्यावर राहत नाही, बुरशीवर जातो.

असाच एक मनाचा खेळ आपल्या मोहल्ल्यांत चालतो. रोटीचे तुकडे आपण कचऱ्यात टाकत नाही. ते वेगळ्या पिशवीत भरून विजेच्या खांबाला, नाहीतर भिंतीच्या खिळ्याला टांगतो. कोणी बकरीवाला ते घेऊन जातो. यामागची अदब खरी आहे आणि ती टिकावी. मुक्या जिवाच्या पोटात गेलेले अन्न वाया गेले असे म्हणता येत नाही. प्रत्येक जिवंत प्राण्याला खाऊ-पिऊ घालण्यात सवाब आहे. पण त्या पिशव्या रोज भरू लागल्या, तर त्या अदबीचा अर्थ बदलतो. रोटी जमिनीवर पडू नये एवढी काळजी घेणारा हात ती गरजेपेक्षा जास्त का भाजतो, हा प्रश्न ती पिशवी झाकून टाकते. शिवाय, लग्नातला भात आणि रोट्या एकदम पोटभर घातल्या तर बकरी फुगते, प्रसंगी दगावते. हे खाटीक आणि शेळीपालक दोघेही सांगतील.

हाच प्रश्न सदक्याच्या बाबतीत उभा राहतो. उरले की गरिबांना देऊ, हा विचार चांगला आहे, पण त्याला दोन अटी आहेत. एक व्यवहाराची: अन्न खाण्यायोग्य असताना दिले पाहिजे. उरलेले चांगले अन्न गोळा करून वाटण्याबाबत केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१९ मध्ये स्वतंत्र नियम केले, कारण उशिरा पोहोचलेले दान विषही होऊ शकते. दुसरी अट दीनची आहे. सूरह बकराच्या २६७व्या आयतचा आशय असा की, जी वस्तू तुम्ही स्वतः डोळे झाकल्याशिवाय घेणार नाही, ती दान करण्यासाठी निवडू नका. आणि सूरह आले इम्रान सांगते, आपल्या प्रिय वस्तूतून खर्च केल्याशिवाय नेकी गाठता येत नाही. गरीब हा आपल्या चुकीच्या अंदाजाची विल्हेवाट लावण्याचे ठिकाण नव्हे. डिसेंबर २०१५ मध्ये तेव्हाच्या औरंगाबाद शहरात हारून मुकाती इस्लामिक सेंटरने रोटी बँक सुरू केली. तिच्यातली मला आवडलेली गोष्ट ही की, सभासद कुटुंबाने आपल्या स्वयंपाकातून दोन रोट्या आणि भाजी काढून द्यायची होती. उरण्याची वाट पाहायची नव्हती. आटा मळतानाच दुसऱ्याचा वाटा धरलेला असतो, तेव्हा अंदाजही नीट बांधला जातो. वलीम्यालाही हेच लागू आहे. ज्या वलीम्यात श्रीमंतांना बोलावले जाते आणि गरिबांना वगळले जाते, त्याचे अन्न सर्वांत वाईट, असे हदीसमध्ये आले आहे. गरीब शेजाऱ्याला पंगतीत बसवायचे नाही आणि रात्री त्याच्याच दारी उरलेली देग पाठवायची, याला दोन्हींपैकी काहीच म्हणता येत नाही.

आपल्याकडची सत्तरी ओलांडलेली माणसे दाणाही सांडू देत नाहीत. त्यांनी १९७२चा दुष्काळ पाहिला आहे. रेशनवर आलेली अमेरिकेची लाल मिलो, तिच्या भाकरीचा रंग, दुष्काळी कामावर खडी फोडणे, तिथे वाटली जाणारी सुकडी, हे सर्व त्यांच्या हाताला आठवते. त्यांच्या आधीच्या पिढीला छप्पन्नच्या, म्हणजे १८९९-१९००च्या दुष्काळाच्या कहाण्या ठाऊक होत्या. त्यांची काटकसर भुकेने शिकवलेली होती. नातवंडांना ती शिकवता येत नाही, याचे आपल्याला वाईट वाटते. पण भुकेने शिकवलेला धडा भूक संपली की संपणार, हे स्वाभाविक आहे. मुलांनी उपास काढावेत म्हणून कोणी दुष्काळाची दुआ मागत नाही. प्रश्न असा आहे की, पोट भरलेले असताना माणसाचा हात कशाने आवरावा? हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीत हिजरी अठराच्या सुमारास मोठा दुष्काळ पडला. लोकांना मिळेपर्यंत तूप आणि मांस आपणही खाणार नाही, असे त्यांनी ठरवले. खलीफाच्या घरी टंचाई नव्हती. त्यांचा हात अभावाने आवरला नव्हता; दुसऱ्याच्या अभावाची जाणीव आणि नेमतीच्या हिशेबाची भीती यांनी आवरला होता. भरल्या घरात कामाला येणारी शिस्त ही अशी आहे. रमजानचा रोजा वर्षाला एक महिना तीच शिकवायला येतो. आणि त्याच महिन्यात इफ्तारच्या दस्तरखानावर फळांचे काप काळे पडून राहतात, हेही इथेच नोंदवतो.

काप काळा पडल्याने केळे खराब होत नाही, हे तरी जळगावकरांनी जगाला सांगायला हवे होते. थंडीत केळीला चरका बसला, सालीवर डाग आले की व्यापारी भाव पाडतो. तो भाव पाडतो, कारण आपण गिऱ्हाईक म्हणून पिवळेधमक, बेडाग केळे मागतो. आतला गर तोच असतो. सूरह अनआममध्ये कापणीच्या दिवशी पिकाचा हक देण्याची आणि इस्राफ न करण्याची आज्ञा एकाच आयतमध्ये आली आहे. बाजारात डाग पाहून नाक मुरडणारा आणि बांधावर पीक सोडणारा शेतकरी यांच्यामधली दोरी तिथे दिसते.

येत्या लग्नसराईसाठी काही घरांनी मला विचारले आहे की, काय करावे. मी त्यांना एवढेच सुचवले: माणसे मोजण्याचे काम एकाच व्यक्तीकडे द्या, आणि जादा धरायचे तर तिनेच एकदा धरावे, आचाऱ्याला अंतिम आकडा सांगून "यावर तू काही वाढवू नकोस" असे स्पष्ट बजावा. पदार्थ कमी ठेवा. शक्य तिथे बसवून, थाळ पद्धतीने वाढा. मुलांसाठी लहान ताटल्या ठेवा. आणि घरातल्या एका तरुणावर दुसरे कोणतेही काम न देता ही जबाबदारी सोपवा की, जुहरनंतर तासाभरात देगीत काय शिल्लक आहे ते पाहून, ताजे असतानाच ते कुठे जाणार हे आधी ठरवल्याप्रमाणे पोहोचवावे. एका वधूपित्याने हे ऐकून विचारले, "आणि कमी पडले तर?" मी म्हणालो, तर दाल-चावल टाकायला अर्धा तास लागतो, तांदूळ आणि डाळ कोरडी ठेवा, उरली तर ती नासणार नाही. ते म्हणाले, लोक काय म्हणतील. या प्रश्नावर मात्र त्यांच्या घरातल्या बायकाच त्यांना उत्तर देत होत्या, म्हणून मी चहा संपवून उठलो.